घर गहाण, हप्ते थकले, मग नादारी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या वसुली खात्यात माझी बरीच वर्षे गेली. टेबलाच्या त्या बाजूला बसून जी पाकिटे पाठवली, तसलीच पाकिटे घेऊन आता लोक सल्ल्याला येतात, आणि पुष्कळदा ती फोडलेलीसुद्धा नसतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. उत्तरे भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या गृहकर्जाला धरून दिली आहेत. तुमच्या कागदांत काय लिहिले आहे ते मात्र वकिलाला दाखवावेच लागेल.

दिवाळखोरी जाहीर केली तर घराचा लिलाव थांबतो का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच बाबतीत.

गृहकर्ज देताना बँक दोन गोष्टी घेते: तुमची सही आणि तुमचे घर. सहीमुळे तुम्ही देणेकरी होता, गहाणामुळे घरावर बँकेचा वेगळा हक्क बसतो. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा हाताळतो तो पहिला भाग, म्हणजे देणे. दुसऱ्या भागाला तो हात लावत नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचे कलम २८ सांगते की माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांना, परवानगीशिवाय दावे लावता येत नाहीत. त्याच कलमाचे सहावे पोटकलम मात्र बजावते की ज्याच्याकडे तारण आहे, त्याच्या तारण विकण्याच्या अधिकाराला यामुळे बाध येत नाही. हातउसने देणारा मित्र, क्रेडिट कार्डवाला, किराणा दुकानदार रांगेत थांबतात. गृहकर्जाची बँक त्या रांगेत नसतेच.

पण अमेरिकेतल्या भाच्याचे घर तर दिवाळखोरीमुळेच वाचले!

खरे असू शकते. तिथला कायदा वेगळा आहे. अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच बहुतेक सगळ्या वसुलीला, घराच्या लिलावालाही, आपोआप स्थगिती मिळते. चॅप्टर १३ खाली नियमित उत्पन्न असलेला माणूस तीन ते पाच वर्षांची योजना देतो, थकलेले हप्ते त्यात थोडेथोडे फेडतो, चालू हप्ता वेगळा भरत राहतो आणि घरात राहतो. न्यू जर्सीतला भाचा जे सांगतो ते न्यू जर्सीत बरोबर आहे. ते पुण्यात लावायला जाल तर घर आणि वकिलाची फी दोन्ही जाईल.

२०१६ साली नवा कायदा आला ना?

आला. नादारी व दिवाळखोरी संहिता. (आमच्या पिढीला 'नादारी' म्हटले की शाळेतली फीमाफी आठवते. मूळ अर्थ तोच, खिशात काही नसणे.) कंपन्यांच्या बाबतीत ही संहिता गाजली. व्यक्तींसाठीचा तिचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरताच. साध्या पगारदाराला, रिक्षावाल्याला, दुकानदाराला अजून इंग्रजांच्या काळचेच दोन कायदे आहेत: मुंबई शहरासाठी १९०९ चा, जो मुंबई उच्च न्यायालयात चालतो, आणि बाकी ठिकाणी १९२० चा, जो जिल्हा न्यायालयात चालतो. १९२० च्या कायद्यात अर्ज करायला किमान देणे किती लागते? पाचशे रुपये. त्यावरून कायद्याचे वय कळावे.

उद्या नवा भाग सगळ्यांना लागू झाला, तरी गहाण घराला फार आशा नाही. त्यात 'नवी सुरुवात' नावाची कर्जमाफीची सोय आहे. अट अशी की वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, देणे ३५,००० पर्यंत हवे आणि स्वतःचे घर नको, गहाण असो वा नसो. दिवाळखोराचे राहते घर वाचवण्याची तरतूदही आहे. हमीदारांसाठीच्या नियमांत तिची मर्यादा शहरात २० लाख, ग्रामीण भागात १० लाख अशी आहे. पण घर 'बोजारहित' हवे. म्हणजे ज्याच्या घरावर कर्ज आहे, तो या दारातून आत जाऊच शकत नाही.

बँकेने 'फोरक्लोजर लेटर' दिले. घर जप्त होणार का?

घाबरू नका. आपल्याकडच्या बँका मुदतीआधी कर्ज फेडण्याला फोरक्लोजर म्हणतात. त्या पत्रात अमुक तारखेला किती रुपये भरले की खाते बंद होईल एवढेच असते. अमेरिकी बातम्यांत त्याच शब्दाचा अर्थ बँकेने घर काढून घेणे असा होतो. आपल्याकडे त्या अर्थाच्या कागदावर 'सरफेसी कायदा, २००२' आणि 'कलम १३(२)' असे छापलेले असते. तो कागद आला तर मात्र घाबरा, म्हणजे निदान जागे व्हा.

किती हप्ते थकले की घरावर येते?

थकबाकीला ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए होते. मग बँक १३(२) ची ६० दिवसांची नोटीस काढते. ५ जानेवारीचा हप्ता चुकला आणि पुढचेही चुकत गेले तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खाते एनपीए. नोटीस १५ एप्रिलला मिळाली तर १४ जूनला मुदत संपते. त्यानंतर बँक ताब्याची कारवाई करू शकते, आणि त्यासाठी तिला आधी कुठल्याही न्यायालयात जावे लागत नाही. सरफेसी कायद्याचा गाभा हाच आहे. लोक मात्र 'केस कोर्टात उभी राहील तेव्हा बघू' म्हणून बसतात. कोर्टात केस उभी राहतच नाही.

६० दिवसांची नोटीस आली आहे. नेमके काय करू?

पहिल्यांदा तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहा. मग आकडे तपासा: मुद्दल, व्याज, दंड, एनपीएची तारीख. भरलेला हप्ता जमा न दिसणे, विम्याचा हप्ता कर्जात मिळवलेला असणे, असले प्रकार मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत.

नंतर लेखी हरकत द्या. कलम १३(३क) ने तुम्हाला तो हक्क दिला आहे आणि हरकत मान्य नसेल तर कारणांसह १५ दिवसांत उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. हरकतीत रडगाणे नको. 'नोकरी गेली, आईचे आजारपण' हे शाखाधिकाऱ्याला तोंडी सांगा, त्याचाही उपयोग होतो. कागदावर मात्र हिशेबातली चूक, नोटिशीतली चूक आणि पैसे भरण्याचा ठोस प्रस्ताव एवढेच असू द्या. प्रस्तावाबरोबर थोडी रक्कम खरोखर भरली तर त्याचे वजन वेगळेच पडते. आमच्या टेबलावर रोज आश्वासनांची पत्रे यायची. त्यात एखाद्याच्या पत्राला भरणा पावती टाचलेली असली की तीच फाईल वर निघायची.

आणि घर विकायचा विचार करायचा असेल तर तो याच ६० दिवसांत करा. बँकेला विश्वासात घेऊन, बँकेची संमती लेखी घेऊन, स्वतः गिऱ्हाईक आणून विकलेल्या घराला जो भाव येतो तो लिलावात येत नाही. लिलावाच्या जाहिरातीत 'जसे आहे जेथे आहे' लिहिलेले असते, आणि घेणारा त्याची किंमत आधीच कापून बोली लावतो. 'घर विकतोय' हे चार लोकांत कळेल या लाजेपायी लोक हा मार्ग टाळतात. पुढे तेच घर, नाव-पत्त्यासकट, वर्तमानपत्रात छापून येते.

नोटीस घेतलीच नाही तर?

नोटीस दाराला चिकटवता येते, वर्तमानपत्रात छापता येते. न घेतल्याने तुमचेच दिवस जातात.

थकलेले हप्ते भरले तर पुरे का, की सगळे कर्ज एकदम मागतील?

नोटिशीत मागणी पूर्ण बाकीची असते, कारण बँकेने कर्ज परत मागितलेले असते. व्यवहारात, थकबाकी आणि खर्च पूर्ण भरला तर बहुतेक बँका कारवाई थांबवतात. पण 'पूर्ण' म्हणजे पूर्ण. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की सगळी थकबाकी भरल्याशिवाय एनपीए खाते पुन्हा नियमित धरता येणार नाही. तीनपैकी दोन हप्ते भरून 'आता खाते सुटले' असे समजू नका. आणि कारवाई मागे घेतल्याचे लेखी घ्या.

वर्तमानपत्रात 'ताबा सूचना' आली, पण आम्ही अजून घरातच आहोत. हे कसे?

तो सांकेतिक ताबा. दारावर नोटीस लागते, दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातले एक स्थानिक भाषेतले असते. घरात तुम्हीच राहता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी कचेरीत, किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते. आदेश झाला की पोलीस बंदोबस्त घेऊन कुलूप लागते. तिथे तुमची बाजू ऐकून घेतली जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. ते काम डीआरटीचे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाचे.

डीआरटीत कधी जायचे?

बँकेने ताब्याचे पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांत, कलम १७ खाली. नुसत्या १३(२) च्या नोटिशीविरुद्ध तिथे जाता येत नाही, आणि दिवाणी न्यायालयाचे दार कलम ३४ ने बंद केले आहे. महाराष्ट्रात मुंबईत तीन आणि पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे प्रत्येकी एक कर्जवसुली न्यायाधिकरण आहे.

तिथे काय चालते? नोटीस नियमाप्रमाणे दिली नाही, हरकतीला उत्तर दिले नाही, मूल्यांकन नीट झाले नाही, विक्रीची ३० दिवसांची नोटीस दिली नाही, असे मुद्दे चालतात. 'परिस्थिती वाईट आहे' हा मुद्दा एकटा चालत नाही. डीआरटीत हरलात तर वरच्या न्यायाधिकरणात जायला निम्मी रक्कम भरावी लागते. ती कमी करून मिळू शकते, पण २५ टक्क्यांच्या खाली नाही.

लिलावाच्या आदल्या दिवशी सगळे पैसे भरले तर घर परत मिळेल?

पूर्वी मिळत असे. जुनी पिढी अजून तेच गृहीत धरते, आणि इथे लोक अक्षरशः थोडक्यात घर गमावतात.

गहाण सोडवण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६० मधला, आणि तो विक्री पुरी होईपर्यंत टिकतो ही त्यावरची जुनी समजूत. पण सरफेसीच्या कलम १३(८) मध्ये २०१६ साली बदल झाला. आता पूर्ण देणे फेडून घर सोडवायची मुदत लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. २१ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या मुंबईतल्या प्रकरणात हे पक्के केले. तिथे कर्जदार लिलावातल्या बोलीपेक्षा जास्त रक्कम भरायला तयार होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्यही केले होते. सर्वोच्च न्यायालयाने लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. गावची जमीन विकून, दागिने मोडून पैसे जमवत असाल तर डोळा लिलावाच्या तारखेवर नको, जाहिरातीच्या तारखेवर ठेवा.

माझे कर्ज सहकारी बँकेचे आहे. तिला हा कायदा लागू आहे?

आहे. यावर अनेक वर्षे वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले आणि ५ मे २०२० ला निकाल लागला की सहकारी बँकाही सरफेसी वापरू शकतात.

पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम १०१ खाली चालते. निबंधकांकडून वसुली दाखला निघतो, मग विशेष वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती आणि लिलाव करतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून १०१ च्या सुनावणीची नोटीस आली की तिथेच हजर राहा, कारण दाखला निघाल्यावर लढणे महाग पडते.

तारण शेतजमिनीचे आहे.

सरफेसी शेतजमिनीला लागू नाही. पण सातबाऱ्यावर 'शेती' लिहिले म्हणजे झाले असे नाही, प्रत्यक्ष वापर पाहिला जातो. गोव्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलाच्या मालक कंपनीने आपल्या काही जमिनीबद्दल हाच मुद्दा घेतला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर केले तर?

गहाण घर कोणाच्याही नावावर गेले तरी बोजा त्याच्याबरोबर जातो. १३(२) च्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतर करता येत नाही. बिनबोजाची दुसरी मालमत्ता अशी फिरवलीत आणि दोन वर्षांत नादार ठरलात, तर मोबदल्याशिवाय केलेले ते हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते.

मी फक्त जामीनदार आहे. आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर जामीनदार सुटतो ना?

'फक्त' जामीनदार असे काही नसते. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे, आणि बँक आधी कर्जदाराकडे गेलीच पाहिजे असेही नाही.

दुसरा प्रश्न भोसरीतल्या, इचलकरंजीतल्या छोट्या उद्योजकांचा. प्रायव्हेट लिमिटेडच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाला, राहते घर तारण दिलेले असते. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी चालते त्या न्यायाधिकरणात, गेली की तिच्यावरच्या वसुलीला स्थगिती मिळते. हमीदाराला ती मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले. कंपनी वाचवण्याची बोलणी चालू असताना मालकाच्या घरावर ताबा सूचना लागते. कायद्याने यात काही चूक नाही, पण त्या घरातल्या माणसांना हे समजावून सांगणे मला कधी जमले नाही.

बिल्डरच दिवाळखोर झाला. फ्लॅट नाही, मग हप्ता का भरू?

कारण कर्ज तुम्ही घेतले, बिल्डरने नाही. बिल्डरला मिळालेली स्थगिती त्याची, तुमची नव्हे. हप्ता थांबवलात तर बिल्डर कायद्याच्या छत्रीखाली आणि तुम्ही एनपीए, अशी गत होते.

२०१८ च्या दुरुस्तीपासून घर घेणारे 'वित्तीय धनको' मानले जातात. बिल्डरला स्वतःहून एनसीएलटीत न्यायचे तर त्याच प्रकल्पातले १०० जण किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के, यातले जे कमी असेल तितके एकत्र यावे लागतात. प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल तर मुदतीत आपला दावा दाखल करा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव असणे म्हणजे दावा नव्हे.

कर्ज देणारी संस्थाच बुडाली तर कर्ज माफ?

छान कल्पना, पण नाही. डीएचएफएल २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२१ मध्ये पिरामल समूहाकडे आली. कर्जदारांचे हप्ते चालूच राहिले, फक्त घेणारा बदलला.

वसुली एजंट रात्री फोन करतात.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे. कॉल नोंदवून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

एकरकमी तडजोड मागता येते?

मागता येते, हक्काने मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तसे स्पष्ट सांगितले आहे. तडजोड झालीच तर सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढचे कर्ज अवघड होते. कर्ज पुरे फेडल्यावर किंवा तडजोड पूर्ण झाल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

घर लिलावात गेले, तरी आठ लाख बाकी राहिले. आता?

लिलावात देण्यापेक्षा जास्त आले असते तर वरची रक्कम तुमची होती. कमी आले तर उरलेल्यासाठी बँक पुन्हा तुमच्याकडे आणि जामीनदाराकडे येऊ शकते.

नादारीचा कायदा खरा कामाला येतो तो इथे. घर गेल्यावर उरलेले देणे आता बिनतारणी आहे. बँक त्यापुरती इतर धनकोंच्या रांगेत येते. पगार तुटपुंजा आहे, विकायला काही उरले नाही आणि चहूबाजूंनी देणी आहेत, अशा माणसाने जिल्हा न्यायालयात अर्जाचा विचार जरूर करावा. उत्पन्न, मालमत्ता, देणी यांची खरी यादी द्यावी लागते. न्यायालयाने शेवटी मुक्तता दिली की बहुतेक देणी संपतात. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेले देणे आणि पोटगी सुटत नाही.

मुक्तता होईपर्यंत बंधने असतात. कंपनीचे संचालक होता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही. आणि १९२० च्या कायद्यात आणखी एक तरतूद अजून तशीच आहे: आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाण्याकडे जाताना लक्षात ठेवा.